अंगणवाडी सेविकेसाठी विजेची स्कूटर: ‘पासिंग लागत नाही’ असे सांगून विकले जाणारे वाहन घ्यावे का?

काळी माती, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

सर्वांना नमस्कार. माझी पत्नी आमच्या गावच्या अंगणवाडीत सेविका आहे. रोजचे केंद्र गावातच असले तरी बैठका, पोषण आहाराचे हिशेब आणि गृहभेटी यांसाठी तिला आसपासच्या वस्त्यांवर आणि महिन्यातून अनेकदा दारव्ह्याला जावे लागते. एसटीच्या वेळा जुळत नाहीत आणि माझी मोटारसायकल शेतीच्या कामात अडकलेली असते, म्हणून तिच्यासाठी स्वतंत्र विजेची स्कूटर घ्यायचे आम्ही ठरवले आहे. घरात रात्री चार्जिंग करता येईल आणि पेट्रोलसाठी तालुक्याला जावे लागणार नाही, हा त्यामागचा सरळ हिशेब आहे.

आता आमच्यासमोर दोन पर्याय आहेत. तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात एक स्कूटर मिळते. तिला पासिंग लागत नाही, लायसन्स लागत नाही आणि विमाही लागत नाही, असे दुकानदार सांगतो. कागदावर तिचा वेग ताशी २५ किलोमीटर आहे, परंतु ‘आतली एक वायर काढून दिली की गाडी ४५ पर्यंत पळते, आमच्याकडचे सगळे गिऱ्हाईक तसेच करून घेतात’ असेही तो मोकळेपणाने सांगतो. मोटारीवर १००० वॅट असे छापलेले आहे. दुसरा पर्याय यवतमाळच्या शोरूममधील नोंदणीकृत स्कूटरचा आहे. तिची किंमत बरीच जास्त आहे आणि कोटेशनमध्ये ‘आरटीओ व इतर’ या नावाखाली एक ठोक रक्कम दाखवली आहे, तर विजेच्या वाहनांना सरकारने कर माफ केला आहे असे मी वर्तमानपत्रात वाचले होते.

माझे प्रश्न असे आहेत. पहिला, दुकानदार सांगतो ते कायद्याला धरून आहे का आणि आज ती स्वस्त स्कूटर घेऊन पुढे गरज पडली तर तालुक्याला भरणाऱ्या आरटीओच्या शिबिरात तिचे पासिंग करून घेता येईल का? दुसरा, शोरूमच्या त्या ठोक रकमेत नेमके काय काय असू शकते? तिसरा प्रश्न कागदपत्रांचा आहे. पत्नीच्या आधार कार्डावर अजून माहेरचे नाव आणि वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्याचा पत्ता आहे. वाहन तिच्याच नावावर घ्यायचे आहे. अशा वेळी क्रमांक वाशीमचा म्हणजे एमएच-३७ चा मिळेल की यवतमाळचा म्हणजे एमएच-२९ चा? नागपूरला राहणारा माझा भाचा ‘इकडेच घ्या, भाव चांगला मिळेल’ असे म्हणतो, त्याचाही विचार व्हावा.

निवृत्त लिपिक, मोटार वाहन विभाग, अमरावती

भाऊ, आपल्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर बाकीचे दोन्ही अवलंबून आहेत, म्हणून त्याविषयी विस्ताराने लिहितो.

‘विजेच्या दुचाकीला पासिंग लागत नाही’ असा सरसकट नियम अस्तित्वात नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या दिली आहे आणि त्या व्याख्येला जोडून एक अपवाद आहे. ज्या दुचाकीच्या मोटारीची तीस मिनिटांची शक्ती पाव किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा कमी आहे आणि जिचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, तिला कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन समजले जात नाही. मात्र या अटी पूर्ण होतात हे नियम १२६ मध्ये नमूद केलेल्या चाचणी संस्थेने तपासून प्रमाणित केलेले असले पाहिजे. पुण्याची एआरएआय, हरियाणातील मानेसरची आयकॅट आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या अशा संस्था आहेत. सूट मिळते ती या प्रमाणपत्रामुळे. दुकानदाराच्या सांगण्याला किंवा वाहनावर चिकटवलेल्या कागदाला त्यात काही स्थान नाही.

येथे एक बारकावा समजून घ्यावा. मोटारीवर छापलेले वॅट हे क्षणभर मिळणाऱ्या सर्वोच्च शक्तीचेही असू शकतात, तर नियमात विचार होतो तो मोटार सलग अर्धा तास देऊ शकेल अशा शक्तीचा. त्यामुळे नुसता १००० हा आकडा पाहून निर्णय देता येणार नाही, प्रमाणपत्रच मागावे लागेल. परंतु वेगाच्या बाबतीत अशी संदिग्धता उरत नाही. वायर काढून गाडी ४५ ने पळू लागली, की चाचणी संस्थेने ज्या वाहनाला प्रमाणपत्र दिले ते वाहन आणि रस्त्यावर उभे असलेले वाहन ही एक राहत नाहीत. त्या क्षणापासून ते मोटार वाहन ठरते आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय ते सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही.

तसे चालवले तर कलम १९२ खाली पहिल्या वेळी दोन हजार ते पाच हजार रुपये दंड आहे. चालकाकडे अनुज्ञप्ती म्हणजे लायसन्स नसेल तर कलम १८१ खाली पाच हजार आणि विमा नसेल तर कलम १९६ खाली पहिल्या वेळी दोन हजार, असे ते एकावर एक चढत जाते. गावाकडच्या रस्त्यावर कोण अडवतो, असे अनेकांना वाटते. परंतु २०२२ साली राज्याच्या परिवहन आयुक्तांनी अशा फेरफार केलेल्या दुचाकींवर आणि त्या विकणाऱ्यांवर कारवाईचे आदेश दिले होते आणि तेव्हापासून हा विषय विभागाच्या नजरेत आहे.

खरी चिंता मला दंडाची वाटत नाही. आपली पत्नी दारव्ह्याच्या रस्त्याने जात असताना एखाद्या म्हाताऱ्या माणसाला धक्का लागला आणि त्याचे पाय मोडले, तर भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे जाईल. तेथे हे वाहन मोटार वाहन होते असे ठरले, की विमा नसल्यामुळे संपूर्ण रक्कम वाहनमालकाच्या गळ्यात पडते आणि वसुली घरादारापर्यंत येऊ शकते. कोणी म्हणेल की आम्ही स्वतंत्र विमा उतरवून घेऊ. त्यानेही भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मधील एका निकालात, तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपल्यानंतर नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर वाहन वापरणे हा विमा कराराच्या मूलभूत अटींचा भंग मानला आणि वाहनाच्या नुकसानीची भरपाई नाकारणे योग्य ठरवले. म्हणजे हप्ता भरूनही हात रिकामेच राहण्याची शक्यता आहे.

आता शिबिराविषयी. तालुक्याच्या शिबिरात लायसन्सच्या चाचण्या होतात, काही वाहनांची तपासणी होते, म्हणून तेथील निरीक्षक साहेब वाहन पाहून पासिंग करून देतील असा समज आहे. निरीक्षकाला तसा अधिकार नाही. नोंदणीसाठी विक्री प्रमाणपत्र म्हणजे नमुना २१ आणि उत्पादकाने दिलेले रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र म्हणजे नमुना २२ लागते. त्याशिवाय मान्यताप्राप्त मॉडेलची माहिती उत्पादकाने शासनाच्या ‘वाहन’ या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत आधीच भरलेली असावी लागते आणि आपल्या वाहनाचा चेसिस क्रमांक तेथे सापडावा लागतो. जी स्कूटर सूट मिळणारे वाहन म्हणून बनवली आणि विकली गेली, तिची माहिती तेथे नसते. ती पाच वर्षांनी नेली काय आणि उद्या नेली काय, तिचे पासिंग होऊ शकत नाही. त्यामुळे ‘आज स्वस्तात घेऊ, गरज पडली की नोंदवू’ हा मार्ग मुळातच बंद आहे. हा निर्णय पैसे देण्यापूर्वीच करावा लागतो.

खरोखर २५ च्या आत चालणारे, प्रमाणपत्र असलेले वाहन घेण्यात काहीही गैर नाही. गावातल्या गावात वृद्धांना ते उपयोगी पडते. परंतु आपण वर्णन केलेल्या कामासाठी, जेथे मुख्य रस्त्यावर ट्रॅव्हल्स आणि कापसाचे ट्रक मागून येतात, तेथे इतक्या संथ वाहनावर बाईमाणसाला पाठवणे मला स्वतःला सुरक्षित वाटत नाही. आपण नोंदणीकृत वाहनच घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे.

‘वाहन’ प्रणालीवर नोंदी भरणारी, यवतमाळ

दादा, मी एका विक्रेत्याकडे नोंदणीचेच काम करते, म्हणून कोटेशनबद्दल लिहिते. ‘आरटीओ व इतर’ अशी ठोक रक्कम कधीही मान्य करू नका. तिची फोड लेखी मागा. ती देणे विक्रेत्याला अवघड नसते, कारण प्रणालीवर प्रत्येक शीर्षकाची रक्कम वेगळी दिसते आणि भरणा झाल्यावर शासकीय पावती निघते.

त्या फोडीत मोटार वाहन कर शून्य असला पाहिजे. राज्याच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणात ही माफी होती आणि मे २०२५ मध्ये निघालेल्या नव्या धोरणात ती पुढे चालू ठेवली आहे. या धोरणाची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. नोंदणी शुल्कही शून्य असले पाहिजे, कारण केंद्राच्या २ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने बॅटरीवरील वाहनांना नोंदणी प्रमाणपत्र देण्याच्या आणि त्याच्या नूतनीकरणाच्या शुल्कातून सूट दिली आहे. कर्ज काढले असेल तर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा नोंदवण्याचे शुल्क, तसेच स्मार्ट कार्ड आणि टपालाचा खर्च ही शीर्षके दिसू शकतात, पण त्या लहान रकमा असतात. सर्वांत मोठी रक्कम विम्याची असते आणि ती आरटीओची नसते. नव्या दुचाकीला तृतीय पक्ष विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा विमा, पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो आणि पेट्रोल गाडीला जसा सीसीवरून दर लागतो तसा विजेच्या गाडीला मोटारीच्या किलोवॅटवरून लागतो. विमा विक्रेत्याकडूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. बाहेरचा दर विचारून पाहा. एवढे सगळे वजा करून जे उरेल ते विक्रेत्याचे स्वतःचे आकारणी शुल्क समजावे आणि त्यावर निःसंकोच घासाघीस करावी.

पाच टक्के जीएसटी शोरूमच्या किमतीतच धरलेला असतो. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेचे अनुदान चालू असेल तर तेही बिलातच वजा होऊन येते. २०२५-२६ या वर्षासाठी ते बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासाला २,५०० रुपये आणि एका दुचाकीला जास्तीत जास्त ५,००० रुपये असे ठेवले होते. त्यासाठी ग्राहकाची आधारवरून चेहरा पडताळणी होते, म्हणून वहिनींना एकदा शोरूमला यावे लागेल. हे अनुदान फक्त मोटार वाहन म्हणून नोंदणी होणाऱ्या गाडीलाच मिळते, हेही दोन्ही किमतींची तुलना करताना लक्षात घ्या.

प्रत्यक्ष नोंदणीसाठी आपल्याला कार्यालयात जावे लागत नाही. पूर्ण बांधणी झालेल्या खासगी गाडीचा अर्ज विक्रेताच ऑनलाइन करतो, चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा आणि इतर कागद चढवतो, मंजुरी आली की क्रमांक पडतो. ग्राहकांनी चढवण्यापूर्वी अर्जातील नाव, मोबाईल क्रमांक आणि पत्ता स्वतः वाचून पाहावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. गावाचे नाव, पोस्ट आणि पिनकोड चुकला की आरसीचे म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राचे पाकीट परत जाते आणि मोबाईल क्रमांक दुसऱ्याचा पडला की पुढे प्रत्येक कामाचा ओटीपी त्या दुसऱ्याकडे जातो. ग्रामीण भागात अनेक ग्राहकांसाठी मध्यस्थच आपला क्रमांक देऊन मोकळे होतात आणि मग पत्ता बदलताना किंवा गाडी विकताना त्या माणसाला शोधत फिरावे लागते.

गाडी नोंदणीशिवाय ताब्यात देण्याची परवानगी विक्रेत्याला नाही. केंद्रीय नियम ४२ मध्ये तसे स्पष्ट आहे. ‘दसऱ्याचा मुहूर्त आहे, गाडी घेऊन जा, नंबर मागून पाठवतो’ असे कोणी म्हटले तर नकार द्या. हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असलेली उच्च सुरक्षा क्रमांक पाटी पुढे आणि मागे बसवल्यावरच गाडी न्या. कार्ड टपालाने यायला वेळ लागला तरी काळजी नाही, कारण डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधील आरसी तपासणीत ग्राह्य धरली जाते.

काळी माती, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

दोघांचेही मनापासून आभार. दुकानातील स्कूटरचा विचार आम्ही सोडून दिला आहे. प्रमाणपत्र मागितल्यावर दुकानदाराने दुसऱ्याच मॉडेलचा झेरॉक्स दाखवला, त्यामुळे शंकेला जागाच राहिली नाही. आता नाव आणि पत्त्याचा प्रश्न तेवढा उरला आहे. घरात एक मत असेही आहे की एवढी खटपट कशाला, गाडी माझ्याच नावावर घ्यावी, चालवायची तिने. त्यात काही अडचण आहे का?

शिक्षिका, दिग्रस

भाऊ, गाडी ताईंच्याच नावावर घ्या. हे मी मानासाठी सांगत नाही, त्यामागे विम्याचे कारण आहे. दुचाकीच्या विम्यासोबत मालक-चालकाचा १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. त्याच्या नावातच त्याची अट आहे: वाहनाचा नोंदणीकृत मालक स्वतः चालवत असेल आणि त्याच्याकडे वैध अनुज्ञप्ती असेल तरच तो लागू होतो. गाडी तुमच्या नावावर आणि चालवणार ताई, असे झाले तर रोज रस्त्यावर असणाऱ्या माणसालाच ते संरक्षण मिळत नाही. आमच्या भागात शिक्षिका, आशा सेविका, बचत गटाच्या महिला यांच्या गाड्या सर्रास नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असतात आणि ही गोष्ट त्यांना कोणीही सांगितलेली नसते, याचे मला फार वाईट वाटते.

नावाच्या बाबतीत दोन मार्ग आहेत आणि दोन्ही कायदेशीर आहेत. माहेरच्या नावाने आधार असेल तर त्याच नावाने गाडी, विमा आणि लायसन्स घेता येते. सासरचे नाव लावल्याशिवाय नोंदणी होत नाही असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नये. अडचण येते ती कागदांमध्ये वेगवेगळी नावे असतील तेव्हा. आधारवर एक नाव, पॅनवर दुसरे, बँकेच्या कर्ज मंजुरीपत्रात तिसरे, असे असेल तर अर्ज त्रुटीत निघतो आणि समजा तो कसाबसा मंजूर झाला, तरी विम्याच्या दाव्याच्या वेळी तोच फरक पुन्हा डोके वर काढतो.

ताईंना पुढे सासरचेच नाव वापरायचे असेल तर आधी आधार दुरुस्त करावे आणि मगच बाकीच्या गोष्टींना हात लावावा. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला सर्वांत उपयोगी पडतो. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा स्वतंत्र अधिनियम आहे आणि गावात ही नोंदणी ग्रामपंचायतीतच होते. लग्नाला बरीच वर्षे झाली असतील तरीही ती करता येते. लग्नपत्रिका, दोघांचे वयाचे व रहिवासाचे पुरावे आणि साक्षीदार लागतात. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून इंग्रजी आणि मराठी दोन्ही अक्षरलेखन जागेवरच नीट तपासून घ्या. पत्त्याचे काम त्याहून सोपे आहे. २०२३ पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीने ऑनलाइन पत्ता बदलण्याची सोय झाली आहे. तुमचे आधार दारव्ह्याच्या पत्त्यावर असेल तर नात्याचा पुरावा जोडून तुम्ही तुमच्या आधारवरून संमती द्यायची. पत्ता दारव्ह्याचा झाला की क्रमांक एमएच-२९ चा, म्हणजे यवतमाळचा मागता येईल. आजच्या कागदांवर अर्ज केला तर मानोऱ्याच्या पत्त्यामुळे तो वाशीमकडे, एमएच-३७ कडे जाऊ शकतो.

गाडी घरी येईपर्यंतचा काळ वाया जाऊ देऊ नका. आधार दुरुस्त झाले की ताईंच्या लायसन्सचा अर्ज लगेच करा. शिकाऊ अनुज्ञप्तीची परीक्षा आधारच्या आधारे घरूनच ऑनलाइन देता येते. ती सहा महिने वैध असते आणि तीस दिवसांनंतर पक्क्या अनुज्ञप्तीची चाचणी देता येते. तीच चाचणी तुमच्या तालुक्याच्या शिबिरात होऊ शकते. वर्ग निवडताना ‘विनागिअर मोटारसायकल’ निवडावा, कारण विजेच्या स्कूटरला तो पुरेसा आहे. पुढे गिअरची गाडीही चालवायची इच्छा असेल तर मात्र सुरुवातीलाच गिअरचा वर्ग घेणे चांगले.

निवृत्त लिपिक, मोटार वाहन विभाग, अमरावती

ताईंनी वैयक्तिक अपघात विम्याचा मुद्दा मांडला तो फार मोलाचा आहे. त्याला जोडून एवढेच सांगतो की २०२१ पासून नोंदणीच्या वेळी वारसाचे नाव आरसीवर नामनिर्देशित करता येते. मालकाचा मृत्यू झाला तर वाहन नावावर करताना कुटुंबाची बरीच पायपीट त्यामुळे वाचते. अर्जात तो रकाना रिकामा सोडू नये.

नागपूरच्या खरेदीविषयी: राज्यातल्या राज्यात कोठूनही गाडी घेतली तरी कर आणि शुल्काची माफी सारखीच असते, त्यामुळे फरक पडला तर तो केवळ विक्रेत्याच्या सवलतीत पडेल. एमएच-३१ किंवा एमएच-४९ चा क्रमांक पडला तरी यवतमाळ जिल्ह्यात गाडी चालवण्यास कसलाही अडथळा नाही. परंतु बॅटरी आणि कंट्रोलरच्या हमीची कामे विक्रेत्याच्या सेवा केंद्रातच होतात, आणि बंद पडलेली स्कूटर दारव्ह्याहून नागपूरला नेणे म्हणजे गाडीभाडे अंगावर घेणे आहे. यवतमाळला सेवा केंद्र असलेल्या कंपनीचीच गाडी घ्यावी, मग बिल कोठे का फाडले जाईना.

पांढरकवडा आणि वणीकडचे काही वाचक हे वाचत असतील, म्हणून आदिलाबादविषयीही लिहून ठेवतो. परराज्यातून नवी गाडी घेतली तर तेथे तात्पुरती नोंदणी करून आणून महाराष्ट्रात कायम नोंदणी करावी लागते. ते काम विक्रेता करून देत नाही, स्वतःलाच कार्यालयात जावे लागते. दुचाकीच्या किमतीत मिळणारी सवलत पाहता हा व्याप मला योग्य वाटत नाही.

वाचक, वणी, जि. यवतमाळ

ही चर्चा मला थोडी आधी वाचायला मिळायला हवी होती. आमच्या घरी अशीच बिननोंदणीची स्कूटर गेल्या वर्षी आणली आहे आणि तिचा वेग दुकानदारानेच वाढवून दिला आहे. माझी मुलगी तीवर महाविद्यालयात जाते. आता काय करता येईल? गाडी विकून टाकावी का?

निवृत्त लिपिक, मोटार वाहन विभाग, अमरावती

विकू नका. आपल्याला जी अडचण आहे तीच दुसऱ्याच्या घरात जाईल आणि विकताना ती लपवावी लागेल. प्रथम मुलीला ती गाडी रस्त्यावर नेण्यापासून थांबवा. मुलगी अठरा वर्षांच्या आतील असेल तर कलम १९९-अ खाली पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावास अशी तरतूद आहे, त्यामुळे यात एक दिवसही घालवू नये.

त्यानंतर बिल घेऊन दुकानदाराकडे जा आणि चाचणी संस्थेच्या प्रमाणपत्राची प्रत लेखी अर्ज देऊन मागा. अर्जाची पोच घ्या. तो पोच देत नसेल तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. प्रमाणपत्रातील मॉडेलचे नाव आणि आपल्या गाडीवरील पट्टी तंतोतंत जुळते का ते पाहा. जुळत असेल तर वेगमर्यादा पूर्ववत करून घ्या आणि तसे केल्याचे दुकानाच्या शिक्क्यानिशी लिहून घ्या. एवढे झाले की ती गाडी २५ च्या आतील सूट मिळणारे वाहन म्हणून कायदेशीरपणे वापरता येईल. ती संथ चालेल, पण मुलगी निर्धास्त जाऊ शकेल.

प्रमाणपत्रच नसेल किंवा ते दुसऱ्या मॉडेलचे असेल, तर नोंदणी लागत नाही असे खोटे सांगून वस्तू विकली गेली आहे आणि ती ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा, पुष्कळ प्रकरणांत तेथेच पैसे परत मिळण्याचा मार्ग निघतो. तसे झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. नव्या कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे दाद मागता येते, म्हणजे दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असले तरी आपल्याला यवतमाळलाच अर्ज करता येईल. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असल्यास तक्रारीचे शुल्क लागत नाही, वकील लावण्याची सक्ती नाही आणि अर्ज ऑनलाइनही दाखल होतो. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. आपली खरेदी गेल्या वर्षीची असल्याने वेळ आहे, परंतु बिलावरची तारीख आजच पाहून ठेवा. बिल कच्चे असेल तर ऑनलाइन भरण्याची नोंद, बँकेचे पासबुक आणि दुकानदाराशी झालेले मोबाईलवरील संदेश जपून ठेवा. त्याच तक्रारीची एक प्रत यवतमाळच्या परिवहन कार्यालयाला द्यावी, म्हणजे त्या दुकानाची तपासणी करण्यासाठी विभागाच्या हातात लेखी आधार येईल.